शोकाच्या घरी दुकान नको

चिंतनासाठी शुभवर्तमान : संत लूक १३:१-५



काही लोक प्रभू येशूकडे एक ताजी बातमी घेऊन येतात. गालीलातले काही यात्रेकरू यज्ञ अर्पण करीत असतानाच पिलाताने त्यांना ठार मारले होते. सांगणाऱ्यांच्या मनात काय होते ते संत लूक उघड सांगत नाही. पण प्रभूच्या उत्तरावरून ते आपल्याला कळते. मेलेले लोक इतरांपेक्षा जास्त पापी असले पाहिजेत, नाहीतर त्यांच्यावर असे मरण कशाला आले असते, असा त्यांचा हिशेब होता. त्यांना त्या मृतांचे दुःख नव्हते. त्यांना आपल्या मताला एक पुरावा हवा होता.

प्रभू त्यांचा हिशेब मान्य करीत नाही. उलट तो स्वतःच दुसरी घटना पुढे ठेवतो. शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती यरुशलेमेतील सर्वांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असे तो विचारतो आणि स्वतःच ठामपणे नाही म्हणतो. मग तो ऐकणाऱ्यांकडे वळतो व त्यांना पश्चात्तापाचे आवाहन करतो.

येथे क्षणभर थांबू या. त्या बुरुजाची घटना प्रभूला हवी तशी वापरता आली असती. पिलाताने मंदिराचा निधी काढून यरुशलेमेसाठी जलवाहिनी बांधायला घेतली आणि त्यावरून लोक खवळले, असे इतिहासकार योसेफस सांगतो. शिलोहाचा बुरूज त्याच बांधकामाचा भाग असावा, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. तर्क खरा असो वा नसो, त्या काळी रोमी सत्तेच्या विरोधात बोलायला ही आयती संधी होती. रोमी बांधकामाचे गुण गाणारेही म्हणू शकले असते की, बांधकाम आणखी मोठे, आणखी पक्के करा, म्हणजे असे होणार नाही. प्रभू यातले काहीच करीत नाही. तो मृतांवर दोष ठेवीत नाही आणि त्यांच्या जिवावर स्वतःचा पक्षही मजबूत करीत नाही. ती अठरा माणसे त्याच्या दृष्टीने पुरावा नव्हती, माणसे होती.

कोणी म्हणेल, प्रभूनेही त्या घटनेवरून उपदेश केलाच की! होय, केला. पण त्या उपदेशात त्याला मिळवायचे काही नव्हते. त्याने मृतांना सोडवले आणि जिवंतांना आपापल्या अंतःकरणात पाहायला लावले. दुर्घटनेवरून बोलूच नये, असे शुभवर्तमान सांगत नाही. बोलणारा कोणासाठी बोलतो, एवढेच ते विचारते.

आजचे चिंतन याच प्रश्नावर आहे. लोकांवर आलेल्या आपत्तीचा उपयोग आपले यंत्र, आपले बियाणे, आपले ऍप किंवा आपली योजना पुढे रेटण्यासाठी करणे ख्रिस्ती माणसाला शोभते काय?

दुःख आपल्या दाराशी

आपल्या भागाने अशी दुःखे पाहिली आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये इंदापूर तालुक्यातील म्हसोबाचीवाडी येथे विहिरीचे काम चालू असताना मातीचा ढिगारा कोसळून चार मजूर गाडले गेले. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून आपल्या इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात सापडून उजनीच्या पाण्यात उलटली. सहा जण बुडाले. त्यांत लहान लेकरेही होती. एक जण पोहत काठाला आला आणि त्याच्यामुळे बातमी कळली. धरण भरले तेव्हा भीमेच्या दोन्ही काठांवरची गावे एकमेकांपासून तुटली आणि लोकांना बाजाराला, सोयऱ्यांकडे जायला पाणीच ओलांडावे लागते. ज्यांनी ते दोन दिवस काठावर बसून काढले, त्यांनी काय सोसले ते शब्दांत सांगता येत नाही.

या घटनेनंतर लोकांनी पूल मागितला. बोटीत बसणाऱ्या प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट का मिळत नाही, असे विचारले. वादळाची सूचना नावाड्यापर्यंत वेळेवर का पोहोचत नाही, असेही विचारले. हे विचारणे गैर आहे काय? मुळीच नाही. ते विचारलेच पाहिजे. पुढच्या बोटीतले लेकरू वाचावे म्हणून केलेली मागणी हीसुद्धा गेलेल्यांना वाहिलेली श्रद्धांजली आहे. पण समजा, शोध चालू असतानाच कोणी त्या पाण्याचे छायाचित्र घेऊन त्याखाली आपल्या मालाचे नाव टाकले आणि हे आमच्याकडून घेतले असते तर ती माणसे आज जिवंत असती, असे लिहून सगळीकडे पाठवले, तर? वस्तू चांगली असेल, दावाही कदाचित खरा असेल. तरीही आपल्या मनाला ते खटकते. का खटकते, ते नीट समजून घेतले पाहिजे. त्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातील दोन उदाहरणे पाहू.

यवतमाळचा धडा

विदर्भातील कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी २००० नंतरच्या दशकात सारा देश हादरला. जून-जुलै २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग स्वतः तेथे गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. याच काळात शेतात नवे तंत्रज्ञान आले होते. मार्च २००२ मध्ये केंद्राने बीटी कापसाला परवानगी दिली. बोंडअळीला मारणारा गुण बियाण्यातच घातलेला होता. बियाणे महाग होते, पण फवारणीचा खर्च वाचेल अशी आशा होती, आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी ते आपखुशीने घेतले, हेही खरे.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या नागपूर आवृत्तीत एक पूर्ण पान बातमी छापून आली. यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा आणि अंतरगाव ही दोन गावे बीटी कापसामुळे सुखी झाली आणि तेथे एकाही शेतकऱ्याने आत्महत्या केली नाही, असा तिचा आशय होता. तोच मजकूर ऑगस्ट २०११ मध्ये त्याच वृत्तपत्रात पुन्हा आला, पण या वेळी बियाणे कंपनीच्या प्रचाराचा भाग म्हणून. जैवतंत्रज्ञानासाठी नवे नियामक मंडळ स्थापण्याचे विधेयक संसदेत अडले होते, ते हेच दिवस. मार्च २०१२ मध्ये संसदेच्या कृषीविषयक स्थायी समितीचे सदस्य भांबराजाला गेले. तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना सांगितले की, आमच्या गावात चौदा आत्महत्या झाल्या आहेत. पत्रकार पी. साईनाथ यांनी मे २०१२ मध्ये 'द हिंदू'त हे सारे सविस्तर मांडले.

विचार करा. त्या गावातल्या विधवांना पेपरात काय वाचायला मिळाले असेल? ज्या घरातला कर्ता पुरुष गेला, त्या घराला सांगण्यात आले की, येथे कोणी गेलेच नाही. मरण झाले ते झाले, वर त्या मरणाची नोंदही पुसली गेली. कारण ती नोंद मालाच्या आड येत होती.

पण न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बीटी बियाण्याला विरोध करणाऱ्यांपैकी काहींनी प्रत्येक आत्महत्येचे खापर त्या बियाण्यावरच फोडले आणि जगभर तसेच सांगितले. आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेच्या २००८ मधील अभ्यासात मात्र असे दिसले की, आत्महत्यांचे कारण म्हणून एकट्या बीटी कापसाकडे बोट दाखवता येत नाही. सावकाराचे कर्ज, बँकेने बंद केलेले दार, कोरडवाहू जमीन, पडलेला भाव, लहरी पाऊस अशी कारणांची मोळी होती. म्हणजे एका बाजूने मृतांना झाकले आणि दुसऱ्या बाजूने मृतांना झेंड्यासारखे फडकवले. दोन्हीकडे तो शेतकरी स्वतः कोण होता, त्याला काय हवे होते, हे विचारायला फारसे कोणी थांबले नाही.

दुसरे उदाहरण याच जिल्ह्यातले. २२ जुलै २००८ रोजी लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर चर्चा चालू होती. वादाचा विषय होता अमेरिकेबरोबरचा अणुकरार. खासदार राहुल गांधी यांनी आपल्या भाषणात आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीचा उल्लेख केला आणि गरिबी, वीज व अणुऊर्जा यांचा संबंध जोडला. एका दिवसात त्या बाईचे नाव देशभर झाले. कॅमेरे तिच्या दारात आले. मदतही आली, ते चांगलेच झाले. पंधरा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, अविश्वास ठरावाच्या चर्चेत गृहमंत्री अमित शहा यांनी पुन्हा तिचेच नाव घेतले आणि पुन्हा पत्रकार तिच्या दारात उभे राहिले. एका बाकावरून तिचे नाव अणुकरारासाठी आले, समोरच्या बाकावरून त्याला उत्तर देण्यासाठी. येथे मी ते नाव लिहीत नाही. ते पुष्कळांनी पुष्कळ वापरले आहे.

कोणत्या पक्षाचे बरोबर, हा आपला प्रश्न नाही. अणुऊर्जा हवी की नको, हाही नाही. आपला प्रश्न साधा आहे: त्या बाईला कोणी विचारले होते काय?

तीनशे रुप्यांचे अत्तर

बंधू-भगिनींनो, शुभवर्तमानात या वागण्याचा एक जुना नमुना आहे. बेथानीच्या घरी मरियेने प्रभूच्या चरणांना मोलाचे सुगंधी तेल लावले, तेव्हा यहूदा इस्कार्योत याने हरकत घेतली. हे तेल तीनशे रुप्यांना विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत, असे त्याने विचारले. ऐकायला किती चांगले वाटते! पण संत योहान लगेच सांगतो की, त्याला गरिबांची काळजी नव्हती. थैली त्याच्या हातात होती आणि तीतले तो चोरीत असे. यहूदाच्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. गरीब खरोखर होते आणि तेल खरोखर महाग होते. खोट होती ती हेतूत. गरिबांचे नाव पुढे होते आणि थैली मागे होती.

म्हणून अशा वेळी केवळ 'हे खरे आहे की खोटे' एवढे विचारून भागत नाही. थैली कोणाच्या हातात आहे, हेही पाहावे लागते.

याउलट चांगल्या शोमरोन्याकडे पाहा. त्याच्याजवळ तेल होते, द्राक्षारस होता, जनावर होते, पैसा होता. त्या काळच्या मानाने ती साधनसामग्रीच होती. त्याने ती जखमी माणसासाठी वापरली, उतारशाळेत आपल्या खिशातले दोन रुपये मोजले, आणखी लागले तर परत येताना देईन म्हणाला आणि आपल्या वाटेने गेला. त्याचे नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही. साधन तेच, पण एकाने ते जखमेसाठी वापरले आणि दुसऱ्याने जखमच साधनासाठी वापरली.

तंत्रज्ञान शत्रू नव्हे

कोणी असा अर्थ काढू नये की, चर्चला नव्या शोधांचे वावडे आहे. बारामती-इंदापूरच्या माणसाला हे सांगायची गरज नाही. ठिबक सिंचनाने येथे पाणी वाचवले, संकरित गाईंनी घरोघरी दुधाचे पैसे आणले. आता बारामतीच्या ऍग्रीकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला, त्याची दखल परदेशातही घेतली गेली. मानवी बुद्धी हे परमेश्वराचे दान आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात जनुकीय बियाण्यांविषयी लिहिताना सरसकट हो किंवा नाही म्हटले नाही. काही भागांत त्यांचा फायदा झाला हे मान्य करून, जमीन आणि सत्ता मूठभरांच्या हाती जाते त्याकडे त्यांनी लक्ष वेधले. जानेवारी २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर व्हॅटिकनने काढलेल्या दस्तऐवजातही यंत्राची निंदा नाही. यंत्राने माणसाच्या प्रतिष्ठेची सेवा करावी, असा आग्रह आहे.

चांगल्या साधनाला मेलेल्या माणसाची शिफारस लागत नाही. ते शिवारात आपल्या गुणांवर उभे राहते. शेतकरी शेजाऱ्याच्या बांधावर जातो, पीक पाहतो, खर्च विचारतो आणि मग ठरवतो. हा सरळ मार्ग आहे. पण भीती दाखवून आणि शोक दाखवून माल खपवला की, घेणाऱ्याला विचार करायला वेळच उरत नाही. घाबरलेला माणूस भाव विचारीत नाही, अटी वाचीत नाही. त्याच्या दुःखाचा असा फायदा घेणे हा त्याच्याशी केलेला अन्याय आहे.

आणि हा दोष फक्त व्यापाऱ्यांचा व पुढाऱ्यांचा नाही. कोविडच्या काळात या रोगात देवाचा कोप पाहणारे उपदेशकही पुष्कळ निघाले. व्यासपीठावरून बोलणारे आम्ही धर्मगुरूही शिलोहाच्या त्याच कसोटीला बांधलेले आहोत. मृतांच्या जिवावर धर्माचाही प्रचार करता येत नाही.

तीन प्रश्न

आपल्या पॅरिशमध्ये शेतकरी आहेत, एमआयडीसीत जाणारे कामगार आहेत, परिचारिका व शिक्षक आहेत. बियाणे, औषधे, विमा, सौरपंप, मोबाईल यांच्या विक्रीवर ज्यांचे घर चालते असे तरुणही आहेत. त्यांचा धंदा प्रामाणिक आहे आणि महिनाअखेरचे टार्गेट डोक्यावर असते, याची जाणीव ठेवूनच हे लिहीत आहे. वरचा साहेब म्हणेल, सध्या लोक घाबरलेले आहेत, हीच वेळ आहे. तेव्हा काय करायचे? अशा वेळी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : हेच वाक्य मी त्या घरच्या अंगणात, त्या आईच्या समोर उभा राहून बोलू शकेन का? जे तिच्या तोंडावर बोलवत नाही, ते हजार लोकांना पाठवणेही योग्य नाही.

दुसरा प्रश्न : मी जे सांगतो ते मला ठाऊक आहे, की नुसते सोयीचे आहे? 'हे असते तर ते वाचले असते' हे वाक्य फार सहज तोंडातून निघते. चौकशी पूर्ण व्हायच्या आधी असे बोलणे म्हणजे खोटी साक्ष देण्याच्या वाटेवर पाऊल टाकणे आहे, आणि त्याविषयी परमेश्वराची आज्ञा स्पष्ट आहे. जून २०२५ मध्ये अहमदाबादला विमान कोसळले तेव्हा मृतांची ओळख पटण्याआधीच यंत्राने तयार केलेली खोटी छायाचित्रे मोबाईलवर फिरू लागली होती. ती पुढे पाठवणाऱ्या पुष्कळांच्या मनात वाईट काही नव्हते. पण खोटे हे खोटेच, आणि ज्यांचे माणूस त्या विमानात होते त्यांनाही तेच पाहावे लागले.

तिसरा प्रश्न : यातून त्या घराला काय मिळणार आहे? मदत, न्याय, पुढच्या लेकराची सुरक्षितता यांपैकी काही मिळणार असेल तर जरूर बोला, मोठ्याने बोला, तहसील कचेरीपर्यंत जा. पण मिळणारे सारे आपल्याच थैलीत पडणार असेल, तर गप्प राहा.

गप्प राहणे हीसुद्धा सेवा आहे. ईयोबावर आपत्ती कोसळली तेव्हा त्याचे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर काही न बोलता बसून राहिले. त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम ते. नंतर ते बोलू लागले, प्रत्येकाने आपला सिद्धान्त ईयोबाच्या दुःखावर सिद्ध करायला घेतला आणि शेवटी परमेश्वराने त्यांनाच दोषी ठरवले. आपल्याकडेही दुःखाच्या घरी गेल्यावर कोणी धंद्याची गोष्ट काढीत नाही. शेजारीण पिठले-भाकरी घेऊन येते, ओट्यावर बसते, उठून जाते. हे शहाणपण आपल्या आजी-आजोबांनी जपले. मोबाईल हातात आला म्हणून ते सोडायचे कारण नाही. मोबाईलवरही शोकाचे घर हे शोकाचेच घर असते.

या आठवड्याचा संकल्प

या आठवड्यात कोणत्याही अपघाताची किंवा मृत्यूची बातमी, छायाचित्र वा चलचित्र मोबाईलवर आले, तर ते पुढे पाठवण्याआधी एक 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणा. प्रार्थना संपल्यावरही पाठवावेसे वाटले आणि त्याने कोणाला मदत होणार असेल, तर पाठवा. नाहीतर पुसून टाका. ज्यांच्या घरी या वर्षी दुःख झाले आहे अशा एका तरी कुटुंबाला भेट द्या आणि जाताना हातात विकायचे काही नेऊ नका. विक्रीच्या नोकरीत असलेल्या तरुणांनी आपापल्या घरी आईवडिलांशी या विषयावर एकदा बोलावे. वडिलांनीही टार्गेट चुकले म्हणून मुलावर रागावण्याआधी, ते कशामुळे चुकले ते विचारावे.

प्रभू येशू लाजराच्या कबरेपाशी आला तेव्हा त्याच्या हाती मरणावरचा अधिकार होता. तो मार्था-मरियेला लगेच तसे दाखवू शकला असता. पण आधी तो रडला.

प्रार्थना करू या : हे प्रभो, शिलोहाच्या अठरा जणांना तू दोष दिला नाहीस. उजनीत बुडालेल्यांना, विहिरीत गाडलेल्यांना, आमच्या शिवारात निराशेने जीवन संपवलेल्यांना तुझ्या दयेत विसावा दे. त्यांच्या घरच्यांना धीर दे. आमच्या बुद्धीला नवे शोध लावण्याची शक्ती दे आणि ते कोणाच्या उपयोगी पडावेत याचे भान दे. दुसऱ्याच्या अश्रूंवर आमची थैली भरण्याच्या मोहापासून आम्हांला दूर ठेव. आमच्या प्रभू ख्रिस्ताच्या द्वारे. आमेन.